वरचा झिरा

आमच्या घरात कैरी सोलायला सुरी नव्हती, शिंपला होता. नदीत सापडलेला मेलेला शिंपला, चांगला तळहाताएवढा, माय उंबऱ्याच्या दगडावर पाठीकडून घासत बसायची. तो खर्र खर्र आवाज आमच्या पुऱ्यात, म्हणजे गावाबाहेरच्या आमच्या वस्तीत, ऐकू आला की समजायचं, उन्हाळा लागला. घासता घासता शिंपल्याच्या फुगीर पाठीला भोक पडे, भोकाला धार येई, आणि मग ते कैरीवरून ओढलं की हिरवी साल त्या भोकातून सळसळत बाहेर पडे. आजही माझ्या स्वयंपाकघरात तसा एक शिंपला आहे. पुढे मी जन्मभर शिंपल्यांचाच अभ्यास केला, जहाजांवर राहिले, समुद्राच्या तळाशी जिथे ऊन कधीच पोचलेलं नाही तिथले शिंपले भिंगाखाली धरून त्यांना नावं दिली. लोक विचारतात, हे वेड कुठून लागलं? मी सरळ सांगते, कैरीच्या लोणच्यातून. ते हसतात. मी विनोद केलेला नसतो.

आमचं गाव मंगरूळपीर आणि कारंजा यांच्या मधे, अडाण नदीच्या काठाला. माझ्या जन्माआधीच आमच्या पुऱ्याने दीक्षा घेतली होती आणि पुऱ्याच्या मधोमध मातीच्या भिंतींचा एक विहार उभा केला होता. सकाळी तिथून वंदनेचे सूर येत आणि त्यात माझ्या बाबांचा आवाज सगळ्यांच्या वर असे. बाबा रस्त्याच्या गँगवर मजूर होते. उंच माणूस, डांबराचा वास अंगात मुरलेला, आणि बोलायला लागला की थांबणं नाही. माय त्याच्या उलट. ती फार बोलायची नाही, पण बोलली की तुकडा पडायचा. संध्याकाळी ज्वारीची भाकर, तुरीचं वरण आणि जवसाची चटणी पुढ्यात घेऊन बाबा दिवसभराचा वृत्तान्त सांगत, आणि माय मधेच एखादा शब्द टाकून त्या वृत्तान्तातली हवा काढून घेई. मी दोघांच्या मधे बसून दोघांवर खूश असायची. मला सगळे सुजी म्हणत. सुजाता हे नाव फक्त शाळेच्या हजेरीत होतं.

होळी उलटली की नदी तुटायची. सलग पाणी जाऊन डोह उरत आणि डोहांच्या मधे नुसती वाळू. मग बाया झिरे पाडत. झिरा म्हणजे वाळूत हाताने उकरलेला खड्डा. पुरेसा खोल गेला की तळाशी पाणी हळूहळू झिरपून येतं. ते वाटीने घागरीत भरायचं आणि पुन्हा झिरपेपर्यंत काठावर बसून राहायचं. गावातली निम्मी लग्नं आणि सगळी भांडणं त्या बसण्यातच ठरत. पण झिरा कुठे पाडायचा हे सगळ्यांना जमत नसे. पाणी आटू लागलं की नदीतले शिंपले ओल शोधत सरकतात आणि त्यांच्यामागे वाळूवर बोटाने ओढल्यासारखी रेघ उमटते. माय सकाळच्या तिरप्या उन्हात ती रेघ धरून वाकून चालायची. रेघ संपे तिथे ती फतकल मारून बसे आणि उकरायला घेई. तिथे वाळूत रुतलेला जिवंत शिंपला असे आणि त्याच्या खाली पाणी. तो शिंपला ती नुसता बाजूला सरकवायची. मी उचलून घरी न्यायला मागितला की म्हणायची, "त्यानंच पाणी दाखोलं आपल्याले. त्याले काहून उठोतं?" खायला काही नव्हतं त्या दिवसांत आमच्या लोकांनी शिंपले खाल्लेही होते, आणि त्यात लाजण्यासारखं मला काही वाटत नाही. पण झिऱ्यावरचा शिंपला तेव्हाही कुणी खाल्ला नाही.

नदीला जशी दिशा असते तशी आमच्या झिऱ्यांनाही होती. सगळ्यांत वर, काळ्या खडकाच्या कपारीखाली, वरचा झिरा. त्याला उकरावं लागत नसे. कपारीतून पाणी आपलं आपण पाझरे, खडकाच्या वाटीसारख्या, तळाशी वाळू असलेल्या खोलगट भागात साचे आणि काठावरून ओसंडून वाळूत जिरून जाई. कितीही वाईट साल असो, तो आटत नसे. तो गावातल्या बायांचा. त्याच्या खाली मोठा डोह, जिथे सगळ्यांचे बैल पाणी पीत. आणि डोहाच्या खालच्या अंगाला वाळूत आमचे झिरे. आमचं पाणी आटलं तर आमच्या बायांनी वरच्या झिऱ्यापासून दूर घागरी मांडून उभं राहायचं, आणि गावातली एखादी बाई मोकळी झाली की तिने वरून धार ओतायची, असा रिवाज होता. दीक्षा घेतल्याने देव बदलता आले होते, झिरा बदलता आला नव्हता. माय लग्न होऊन आली त्या उन्हाळ्यात एकदा तशी उभी राहिली होती. पुन्हा उभी राहणार नाही, असं तिने त्याच दिवशी ठरवलं होतं आणि म्हणूनच ती रेघा वाचायला शिकली होती.

त्या उन्हाळ्यात मी सातवीची परीक्षा देऊन बसले होते आणि नदीवर रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, बांधायला सुरुवात झाली. रपटा झाला की पावसाळ्यातही एसटी गावात येणार, मुलींना कारंज्याच्या शाळेत जाता येणार, बाळंतिणीला खाटेवर घालून नदी ओलांडावी लागणार नाही. बाबा त्या कामावर होते आणि रपटा जणू त्यांनी एकट्याने बांधायला घेतला आहे अशा थाटात ते भाकर खात. एका संध्याकाळी म्हणाले, "उद्यापासून डोहावर इंजीन लागते. पूरा डोह खाली करा लागते, त्याबिगर पाया नाई खंदता येत."

मायचा हात भाकरीवर थांबला. "अन् शिंपले?"

"शिंपल्यायचं काय? पाणी गेलं का मरतीन."

"मरतीन," माय म्हणाली. "मंग पुढच्या उन्हाळ्यात झिरा कुठी पाडाचा, थे तुमी सांगसान का इंजीन सांगन?"

बाबा पुढ्यातलं वरण नुसतंच कालवत बसले. डोह हे शिंपल्यांचं माहेर होतं. तिथूनच ते वाळूत पसरत, तिथूनच रेघा निघत. डोहातले शिंपले संपले की आमची वाट दाखवणारं कुणी उरणार नव्हतं, आणि मग आमच्या बायांना वर जाऊन उभं राहावं लागणार होतं. रपटा तर हवाच होता. मलाही हवा होता, त्याच्यावरूनच मी पुढे शिकायला गेले. आजकाल लोकांना वाटतं की एक काहीतरी चांगलं आणि दुसरं वाईट असलं की निर्णय सोपा होतो. आमच्या घरात त्या रात्री दोन्ही चांगलीच होती.

बाबा मनाने दिलदार. दुसऱ्या दिवशी इंजीन सुरू झालं, डोहाचा चिखल उघडा पडू लागला, आणि त्यांनी कामावरच्या जोडीदारांना हाताशी धरून शिंपले घमेल्यांत भरले आणि आणून आमच्या झिऱ्यात ओतले. सगळा पुरा बघायला जमला. ज्या झिऱ्यात शिंपला त्याचं पाणी गोड, हे आमच्याकडे लेकरालाही ठाऊक. तेव्हा घमेली भरभरून शिंपले म्हणजे पाणी साखरेसारखं होणार, असा सगळ्यांचाच हिशेब होता. म्हाताऱ्या बायांनी बाबांना आशीर्वाद दिले. माय जरा घुटमळली, पण तिच्याही तोंडून नको असं निघालं नाही. झालं मात्र आगीतून फुफाट्यात. झिरा एवढासा, शिंपले एकावर एक, पाणी साचलेलं. खालचे गुदमरले, वरचे उन्हाने उघडले. दोन दिवस गेले आणि सकाळी झिऱ्याकडे जाणाऱ्या बाया नाकाला पदर लावून परत आल्या. वास पार विहारापर्यंत आला. शेजारचे झिरेही त्याच ओलीचे, त्यांचंही पाणी नासलं. बाबा झिऱ्याच्या काठावर डोकं धरून बसले होते आणि त्यांचा तो मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

मायने त्यांना बोल लावला नाही. ती खाली उतरली आणि जिवंत शिंपले वेचून वर देऊ लागली, मीही उतरले. मिटलेला तो जिवंत, उघडा तो मेलेला. जिवंत होते ते आम्ही ओल्या गोणपाटाखाली ठेवले आणि त्यातला एक मी घरी आणून घमेल्यात वाळू आणि रांजणात उरलेलं पाणी घालून ठेवला. हे का मरतात ते मला बघायचं होतं. अर्धी दुपार तो दगडासारखा पडून होता. मग त्याच्या बोथट टोकाकडून एक पांढरी जीभ बाहेर आली, वाळूत घुसली, आणि हळूहळू तो स्वतःला ओढत उभा राहिला. बोथट टोक खाली, निमुळतं टोक वर. निमुळत्या टोकाशी दोन बारीक फटी उघडल्या. मला काय वाटलं माहीत नाही, मी चुलीपाशी जाऊन चिमूटभर हळद आणली आणि त्या फटींजवळ पाण्यात सोडली. हळद एका फटीत आत ओढली जाऊ लागली, आणि दुसऱ्या फटीतून स्वच्छ पाण्याची बारीक धार बाहेर येऊ लागली. मी पुन्हा हळद टाकली. पुन्हा तेच. हा पाणी पितो, गाळतो आणि परत देतो. ह्याला एकीकडून नवं पाणी यावं लागतं आणि दुसरीकडून जुनं जावं लागतं. आणि ह्याला डोक्यावर उभं केलं किंवा ढिगात कोंबलं तर हा मुकाट्याने मरून जातो. मी ओरडत मायला बोलवायला धावले, आणि मायने हातातलं काम टाकून घमेल्यापाशी बसून तो खेळ पाहिला. हळद वाया घालवल्याबद्दल एक शब्द बोलली नाही. आमच्या घरात हा मोठाच सन्मान होता.

इथे थोडं थांबून सांगते. मला खूप उशिरा कळलं, की साधारण त्याच वर्षांत जगाच्या दुसऱ्या टोकाला माणसं एका छोट्या पाणबुडीत बसून महासागराच्या तळाशी गेली होती आणि त्यांनी गरम पाण्याचे झरे पहिल्यांदा पाहिले होते. मिट्ट काळोखात, खडकाच्या फटींतून उकळतं पाणी निघतंय आणि त्याच्या आजूबाजूला शिंपल्यांची वस्ती. पुढे थंड झिरेही सापडले, जिथे तळातून वायू पाझरतो आणि त्या वायूवर जगणारे जीवाणू शिंपल्यांच्या कल्ल्यांत राहून त्यांना पोसतात. मी स्वतः पहिल्यांदा असा झिरा पाहिला तो जहाजावरच्या पडद्यावर, खाली सोडलेल्या कॅमेऱ्यातून. राखाडी गाळ, मधेच काळा खडक, आणि त्या खडकाच्या कपारीशी धाग्यांनी एकमेकांना घट्ट धरून उभे असलेले शिंपले, सगळे फटींकडची टोकं वर करून. खोलीतली सगळी मंडळी पडद्यापाशी सरकली. मी मोठ्याने म्हणाले, "वरचा झिरा." मराठी समजणारं तिथे कुणी नव्हतं, आणि मी कुणाला समजावूनही सांगितलं नाही.

तर, वाहतं पाणी. ते नदीत आता एकाच ठिकाणी होतं. मी मायला म्हणाले, वरच्या झिऱ्यातून पाणी ओसंडतं तिथेच हे जगतील, दुसरीकडे कुठेच नाही. म्हणताना मला त्याचा अर्थ कळत होता, मी काही लहान नव्हते. माय बराच वेळ गोणपाटावर पाणी शिंपडत राहिली. मग उठली, पदर खोचला आणि घमेलं डोक्यावर घेतलं. तिच्यामागे मी. मी मागे वळून पाहिलं तर पुऱ्यातल्या बाया एकेक करून घमेली उचलत होत्या, आणि सगळ्यांच्या शेवटी बाबा, डोक्यावर सगळ्यांत मोठं घमेलं घेऊन.

वरच्या झिऱ्यावर गोदाबाई होत्या. गावातल्या मोठ्या घरातली ही म्हातारी. तांब्याची घागर, कपाळावर आडवं कुंकू, आणि झिऱ्यावर कुणाची पाळी कधी हे त्याच ठरवायच्या. आम्हाला येताना पाहून त्यांनी घागर बाजूला घेतली. त्यांना वाटलं, आम्ही पाण्यासाठी उभं राहायला आलो. म्हणाल्या, "थांबा तथीच. माह्यी भरली का ओततो तुमाले."

"पाणी नोको, बाई," माय म्हणाली. "शिंपले ठेवाले आलो."

"अथी? झिरा बाटवता का वं?"

"शिंपले डोहातले हायेत. त्या डोहात तुमचे बैल पाणी पेत, आमचेबी पेत. शिंपल्यानं कोणाले जात नाई इचारली."

"शिंपल्याचं कोण म्हणते? तुह्या हाताचं म्हणून राह्यली मी."

"हात तं लागनच," माय म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "शिंपला फेकला का मरते. एकेक उभा करा लागते. अन् थे मले नाई समजत, माह्या पोरीले समजते." मग ती माझ्याकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सांग वं सुजे. कोनतं टोक खाली?"

मी म्हणाले, "बोथट टोक वाळूत, निमुळतं वर. अन् दोघायच्या मधात बोटभर जागा."

माय गुडघ्यावर बसली आणि तिने वरच्या झिऱ्याच्या पाण्यात हात घातला. कोपरापर्यंत. मी ते आत्ता लिहितानाही बघते आहे: काळा खडक, स्वच्छ पाणी, तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या आणि तळाच्या वाळूत ती एक शिंपला उभा करते आहे. कपारीतून येणारं पाणी तिच्या मनगटाला वळसा घालून ओसंडून जात होतं. मागून पुऱ्यातल्या बाया उतरल्या. मी काठाकाठाने फिरत प्रत्येकीचं टोक तपासत होते, ज्यांनी मला कडेवर घेतलं होतं त्या बायांना "उलटं ठेवलं वं मावशे" म्हणत होते आणि त्या मुकाट्याने सरळ करत होत्या. गोदाबाईंनी आपली भरलेली घागर वाळूत उपडी केली, रिकामी काखेत मारली आणि त्या निघून गेल्या.

नंतर जे व्हायचं ते झालं. पाणी भरणाऱ्या बायांचं भांडण कधीही पाणी न भरणाऱ्या पुरुषांनी पारावर नेलं आणि तिथे उंटावरून शेळ्या हाकणं सुरू झालं. कुणी म्हणालं झिरा धुऊन घ्या, कुणी म्हणालं रपट्यावरची यांची मजुरी बंद करायला सांगा. बाबा पारावर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "झिरा धुवाले पाणी कोनत्या झिऱ्याचं आणसान?" बाबांचा आवाज परत आला होता, आणि तो पारावरून आमच्या पुऱ्यापर्यंत ऐकू आला. आमच्या बाया रोज वर जाऊन शिंपले पाहत आणि परतताना आपल्या हाताने घागर भरून आणत. आधी आम्ही गेलो की गावातल्या बाया बाजूला होत. पण झिरा एकच आणि उन्हाळा मोठा. एका दुपारी गोदाबाई घागर घेऊन आल्या तेव्हा मी पाण्यात हात घालून बसले होते. त्या जरा वेळ उभ्या राहिल्या, मग माझ्या हाताच्या खालच्या अंगाला त्यांनी घागर बुडवली. मान वर न करताच म्हणाल्या, "थो कोपऱ्यातला एक आडवा झाला पाह्य. नीट कर त्याले." मी नीट केला. माफी वगैरे कुणी मागितली नाही, आणि मायला ती नकोच होती.

पुढच्या उन्हाळ्यात रपटा उभा होता, एसटी येत होती, आणि वरच्या झिऱ्याच्या वाळूत नखाएवढे नवे शिंपले होते. मी ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा गावभर सांगत सुटले. शिंपल्यांची पिलं माशांच्या कल्ल्यांना चिकटून फिरतात आणि पुराबरोबर ती वर आली असणार, हे शास्त्र मी पुढे शिकले. तेव्हा मला एवढंच कळलं होतं, की हे आम्ही केलं. मोठमोठ्या सभांत माझं कौतुक झालेलं आहे, शालीही मिळाल्या आहेत. त्या दिवशी वाटला तसा अभिमान मला पुन्हा वाटलेला नाही.

काही वर्षांपूर्वी मला एका समितीत बोलावलं होतं. समुद्रतळावरच्या त्या गरम झऱ्यांभोवती धातू साठलेले असतात आणि ते खणून काढायची तयारी चालू आहे. त्या कामाच्या कागदांत एक वाक्य होतं, की तिथले शिंपले गरज पडल्यास अन्यत्र हलवता येतील. ते वाचलं आणि मला बाबांची घमेली आठवली, तो वासही आठवला. आमचे शिंपले जगले कारण हलवायला दुसरा झिरा होता. ह्या शिंपल्यांचं अन्न त्यांच्याच झऱ्यातून येतं, आणि पुढचा झरा कुठे आहे, तिथलं पाणी यांना मानवेल की नाही, हे आम्हा कुणालाच माहीत नाही. हे सगळं मी मनात जुळवत होते आणि जाण्याआधी मायला भेटायला गावी गेले. ती फार थकली होती, पण उंबऱ्यात बसून शिंपल्याने कैरीच सोलत होती. मी तिला तळाशी काढलेला फोटो दाखवला. तिने तो डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिला.

"सरळ उभे हायेत," ती म्हणाली. "कोनं ठेवले?"

"कोणी नाही, माये. आपले आपण."

"अन् थो झिरा कोनाचा हाय?"

मी सांगितलं, की तो समुद्र कुठल्याच देशाचा नाही, तिथला झिरा कोणाच्याच मालकीचा नाही. मला वाटलं, तिला बरं वाटेल. तिने मान हलवली आणि पुन्हा शिंपला कैरीवरून ओढला. साल भोकातून बाहेर येऊन तिच्या मांडीवर पडली.

"कोनाचा नाई म्हणतं, थे आजच्या पुरतं," माय म्हणाली. "कोनी ना कोनी घागर घेऊन येईनच, अन् म्हणन का हा माहा. तेच्या आंधी तू जाय, अन् पाण्यात हात घालून बस."